शोधायचं ते लिहिणाऱ्याच्या शब्दांत

(कोल्हापुरातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात भिंगाची खूण असते, तिथं आपण बहुतेक जण काय टाइप करतो? अख्खा प्रश्न. ‘आजोबांच्या नावावरची शेती माझ्या नावावर कशी करायची?’ गूगलवर हे खपून जातं, कारण प्रश्नाचा अर्थ लावायला तिथं भलीमोठी यंत्रणा बसलेली आहे. एखाद्या सरकारी खात्याच्या किंवा संस्थेच्या साइटवरचा सर्च बहुधा एवढा हुशार नसतो. त्यानं मजकुराची शब्दसूची आधीच करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. कुठला शब्द कुठल्या पानावर, एवढंच तिला ठाऊक. शब्द सूचीत असला तर पान दाखवायचं, नसला तर हात वर करायचे.

म्हणून त्या चौकोनात आपला प्रश्न लिहून भागत नाही. उत्तर ज्यानं लिहून ठेवलंय, त्याचे शब्द लिहावे लागतात. शेतीच्या प्रश्नात महसूल खातं ‘वारस नोंद’ लिहिणार, ‘फेरफार’ लिहिणार. तेवढं टाका, बाकी सगळं गाळा. पावसाळ्यात ‘पंचगंगेला पूर आला का’ असं विचारण्यापेक्षा ‘राजाराम बंधारा पाणीपातळी’ टाका. पुराच्या अहवालात नदीची पातळी त्या बंधाऱ्यापाशी मोजलेलीच असते आणि फुटांत असते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे तर आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात.

आता नावांकडं येऊ, कारण खरा घोळ तिथं आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर कोल्हापुरात कुणाला सांगायला नकोत. पण शोधायला बसा, मग बघा. कुणी ‘बाबूराव’ लिहितं, कुणी ‘बाबुराव’. मूळ आडनाव कुठं ‘मेस्त्री’, कुठं ‘मिस्त्री’. मराठी विश्वकोशात व्यक्तीच्या नोंदीला आडनाव आधी, म्हणजे ‘पेंटर’ पुढं आणि ‘बाबूराव’ मागं. अशा वेळी नाव अवतरणचिन्हांत घातलंत तर स्वतःच्याच पायावर धोंडा. जिथं अवतरणचिन्हं चालतात तिथं त्यांचा अर्थ असतो, हेच शब्द, याच क्रमानं, काना-मात्रेसकट. परिपत्रकातलं नेमकं वाक्य शोधायचं असेल तर त्याच्यासारखं हत्यार नाही. माणसाच्या नावाला मात्र मी ती लावत नाही. त्यापेक्षा ज्याचं शुद्धलेखन बदलत नाही तो शब्द धरा. ‘पेंटर’ आणि जोडीला ‘फिल्म कंपनी’. नुसतं ‘पेंटर’ टाकलंत तर घरं रंगवणारेही येतील रांगेत. जोडीचा शब्द त्यांना बाहेर ठेवतो.

आपल्या विभक्तीही अशाच आडव्या येतात. इंग्रजी शब्दांची शेपूट छाटून मूळ शब्द जुळवणं पुष्कळ सर्चना जमतं, मराठीची काळजी फार कमी जणांनी घेतलेली असते. ‘पंचगंगा’ टाकलं की ‘पंचगंगेच्या’ हातून निसटतं. उघडलेल्या पानातच शोधायचं असेल, म्हणजे संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबून, तर ‘पंचगंग’ एवढंच लिहा. दोन्ही सापडतील, कारण तिथं अर्धवट शब्दही चालतो. ‘कोल्हाप’चंही तसंच, ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुरात’ एका झटक्यात. साइटच्या सर्चमध्ये अर्धा शब्द चालेलच असं नाही. तिथं दोन्ही रूपं वेगवेगळी टाकून बघायची.

आणि कधी कधी अक्षर डोळ्यांना तेच दिसतं, पण संगणकाला वेगळं असतं. ‘ॲप’मधला ॲ हा एकसंध टाइप होतो, तसाच अ वर चंद्र ठेवूनही होतो. ‘दऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. चांगला सर्च हे समजून घेतो, बाकीचे नाही. जुन्या पीडीएफचं दुखणं याहून मोठं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो मराठी, पण आत साठलेली असतात भलतीच अक्षरं. ओळखायचं सोपं आहे. फाइलमधला एक शब्द कॉपी करून सर्चच्या चौकोनात पेस्ट करा. कचरा उमटला तर जुना फॉन्ट. शब्द निवडताच आला नाही, तर तो बहुधा स्कॅन केलेला फोटो. दोन्ही ठिकाणी शब्दानं शोधण्यात वेळ घालवू नका, तारीख आणि विषयाच्या वाटेनं जा.

काही साइटींवरचा सर्च नावापुरताच असतो. तिथं गूगललाच कामाला लावायचं. आधी इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलनची दोन टिंबं, मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता. मग एक स्पेस आणि तुमचे शब्द. गूगल तेवढ्याच साइटीत शोधतं. पण जी पानं त्यानं सूचीत घेतलेलीच नाहीत, ती तिथंही मिळणार नाहीत.

मघाशी कुणीतरी शासन निर्णय कसा शोधायचा ते विचारलं. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेची चाळणी आहे, आधी ती लावा, मग शब्द. आणि कुणी छापील प्रत हातात दिली असेल तर शब्दांच्या नादालाच लागू नका. शेवटच्या परिच्छेदात ‘त्याचा संकेतांक’ म्हणून लांबलचक आकडा असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो आकडा संकेतांकाच्या रकान्यात इंग्रजी अंकांत टाका, नेमका तोच निर्णय समोर येतो.