आधी माइक, मग कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

माइकसमोर बसताना आमच्या हातातल्या कागदांना टाचणी नसते. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. नाहीतर त्याची सळसळ थेट तुमच्या स्वयंपाकघरात. नव्या निवेदकाला सगळ्यात आधी हे शिकावं लागतं. आज ज्यांच्याविषयी बोलायचंय, त्या दिग्दर्शिका सई परांजपेही अशाच माइकसमोरून सिनेमाकडे गेल्या. पुणे आकाशवाणीवर त्या उद्घोषक होत्या आणि लवकरच मुलांच्या कार्यक्रमात रमल्या. पुढे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दूरदर्शन, मग चित्रपट. त्यांच्या सिनेमाच्या खुसखुशीतपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र राहून राहून वाटतं, की या बाईंचा कान रेडिओवर तयार झाला आणि तोच पुढे कामी आला. आता मी पडले रेडिओची माणूस, थोडा पक्षपात होणारच. तेवढा चालवून घ्या.

'स्पर्श' घ्या, १९८० सालचा. नायक अंधशाळेचा मुख्याध्यापक आणि स्वतःही अंध. नसीरुद्दीन शाह. डॉक्टरकडे निघालेल्या या गृहस्थांच्या कानावर वाटेत एक गाणं पडतं, आणि डॉक्टर राहतात बाजूला, हे गाणारीच्या दारात जाऊन उभे. आपल्या सिनेमात प्रेम जमतं ते नजरानजर होऊन. इथे ती सोयच नाही. प्रेक्षकाला नायिका दिसते, नायकाला ती फक्त ऐकू येते.

आणि तो कॉफीचा प्रसंग. त्याच्या ऑफिसात कॉफी आलीय. शबाना आझमी चटकन पुढे होते, मी देते म्हणून. एवढंच. आपल्याकडे कुठल्याही घरात पाहुणीही असाच हात पुढे करील. पण तो भडकतो. मदत हवी असेल तर तो मागेल. न मागता पुढे आलेल्या हातात त्याला कीव दिसते. हे सांगायला भाषण नाही, पार्श्वसंगीताचा गहिवर नाही, एक कप पुरतो. या चित्रपटाच्या पटकथेसाठी सईताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी आला 'चश्मे बद्दूर'. साबणाची पावडर विकायला दारात आलेली मुलगी आणि तिच्यापुढे गांगरलेला अभ्यासू सिद्धार्थ आठवतोय ना? एकदा डोळे मिटून ऐका. ती सांगतेय पावडरचे गुण, तो विचारतोय पावडरविषयीच, आणि दोघंही बोलताहेत भलतंच. रेडिओ नाटकात आम्ही याच जागेसाठी जीव टाकतो. शब्दांत एक, आवाजात दुसरं! फारुख शेख आणि दीप्ती नवल यांनी ते असं केलंय की बादलीतला फेससुद्धा लाजावा.

'कथा'मध्ये त्याच फारुख शेखला त्यांनी चाळीत शिरलेला बोलघेवडा लफंगा केलं आणि नसीरला गरीब बिचारा राजाराम. मूळ नाटक एस. जी. साठ्ये यांचं, ससा-कासवाच्या गोष्टीवर बेतलेलं. चाळ म्हणजे काय, एकाच्या घरातलं बोलणं दुसऱ्याच्या घरात ऐकू येणं. सईताईंना आणखी काय हवं?

थोडं घरचं सांगते. आजोबा गणितज्ञ रँग्लर परांजपे. आई शकुंतला परांजपे, संततिनियमनाचं काम करण्यात ज्यांनी आयुष्य घातलं. याच शकुंतलाबाई १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये पडद्यावर होत्या. दुसऱ्याच वर्षी सईंचा जन्म. तेव्हा सिनेमा या घराला परका नव्हता, हे खरं. पण कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी बाई आणि 'कट' म्हणणारी बाई, यांत बराच फरक होता. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला तो १९२६ साली. त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी दिग्दर्शनात बाया बोटांवर मोजण्याइतक्याच.

म्हणून 'कथा' आणि 'दिशा' यांमधली सात वर्षं मला महत्त्वाची वाटतात. १९८३ ते १९९०. लागोपाठ तीन चित्रपट गाजलेली बाई, आणि पुढचा चित्रपट सात वर्षांनी. या काळात त्या हात बांधून बसल्या नव्हत्या. 'अडोस पडोस', 'छोटे बडे' या दूरदर्शन मालिका त्याच काळातल्या. शिवाय मराठी रंगभूमी आहेच. 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' ही नाटकं त्यांचीच. जिथे दार किलकिलं दिसलं तिथून आत जायचं, असा हा सगळा मामला.

'दिशा'बद्दल फार बोललं जात नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. गावात पाणी नाही. एक भाऊ मुंबईच्या गिरणीची वाट धरतो, दुसरा गावातच विहीर खणत बसतो. वर्षानुवर्षं. ओम पुरींचा हा परशा लोकांना खुळा वाटतो. मुंबईत एका गाळ्यात दाटीवाटीनं राहणारे गिरणीकामगार इतक्या जवळून दाखवणारे चित्रपट आपल्याकडे आहेतच किती? सईताईंच्याच नंतरच्या 'साज' चित्रपटापेक्षा मला हा कितीतरी सरस वाटतो. 'साज'वाल्यांनी रागावू नये.

आता कागद संपत आलाय आणि काचेपलीकडून बोटानं खूण होतेय. तर 'स्पर्श'मधलंच एक गाणं लावू या. संगीत कनू रॉय यांचं, आवाज सुलक्षणा पंडित यांचा. घरात कुणी टीव्ही लावला असेल तर जरा बंद करायला सांगा.