घरातला कमावता माणूस गेल्यावर पैशाची कामं कोणत्या क्रमानं करायची?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर दोनशे पानी वही, पासबुक, प्लास्टिकचं फोल्डर.]

नमस्कार. तेरावं होतं, पाहुणे परततात, आणि मग फोन सुरू होतात. बँक, सोसायटी, विम्याचा एजंट, गावाकडचे चुलते. प्रत्येकाचं काम तातडीचं असतं. खरं तातडीचं त्यातलं थोडंच.

म्हणून कामांचे दोन ढीग करा. ज्यांना शेवटची तारीख आहे ती एकीकडे. जी एकदा केली की परत फिरवता येत नाहीत ती दुसरीकडे. पहिला ढीग लगेच उचला. दुसरा निदान सहा महिने झाकून ठेवा. घरोघरी नेमकं उलटं होतं: हक्कसोडपत्रावर सही दुसऱ्याच महिन्यात होते आणि विम्याचा अर्ज वर्षभर कपाटात पडून राहतो.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून. मुदत २१ दिवस, आणि नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस साताऱ्याचा असला आणि पुण्याच्या दवाखान्यात गेला, तर दाखला पुण्याचाच. दवाखाना स्वतः कळवतो; घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घेऊन घरच्यांनीच कळवायचं. महिना उलटला की लेखी परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या दहा-बारा मूळ प्रती घ्या. झेरॉक्स चालेल असं म्हणणारा माणूस त्या खिडकीवर दुसऱ्या दिवशी नसतो.

प्रती घेण्याआधी नाव वाचा. अक्षर-अक्षर. आधारवर ‘दत्तात्रय’, पासबुकात ‘दत्तात्रेय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’: दावे अडकतात ते बहुतेक इथेच. दाखल्यावरचं नाव आधारशी जुळवून घ्या, चूक असेल तर नोंद करणाऱ्या कार्यालयातच आधी दुरुस्त करा. बाकीच्या फरकांसाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. त्यात सगळी रूपं एकदाच लिहा, नाहीतर दर कार्यालयासाठी नवा कागद होतो.

दुसरं, त्यांचा मोबाइल नंबर बंद करू नका. लहानसा रिचार्ज मारत राहा. वर्षभरात त्या नंबरवर जे मेसेज येतील, हप्ता कापला, ठेव संपली, डिमॅटचं शुल्क लागलं, तीच मालमत्तेची यादी. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: त्या फोनवरून यूपीआय करू नका, त्यांचं एटीएम कार्ड वापरू नका. पिन माहीत असला तरी. खात्यातले पैसे आता सगळ्या वारसांचे आहेत. उद्या दीर किंवा नणंद तक्रार घेऊन उभी राहिली, तर स्टेटमेंटवरची तारीख तुमच्या विरोधात बोलते. जोडखातं ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशा प्रकारचं असेल तर मात्र हयात खातेदाराला ते चालवता येतं. फक्त मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करून घ्या.

[पासबुकचं पान जवळून. बोट मे-जूनच्या नोंदींवर.]

आता पासबुक. मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी छापून घ्या आणि फक्त ‘नावे’चा, म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांचा, रकाना वाचा. मे अखेर ते जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेले दिसले? ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला असला तरी २ लाख रुपये. शेजारी २० रुपये दिसले? ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यू असेल तर आणखी २ लाख. पहिल्या योजनेत नाव घालायचं वय १८ ते ५०, संरक्षण ५५ पर्यंत, आणि नव्याने घेतली असेल तर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दावा मिळत नाही. दोन बँकांतून दोनदा ४३६ कापले गेले असले तरी दावा एकच मिळतो. अर्ज बँकेतच करायचा. बँक आपणहून फोन करेल म्हणून थांबू नका.

याच रकान्यात एलआयसीचा हप्ता, एसआयपी, लॉकरचं भाडं सापडतं. प्रत्येक कपातीपुढे पेन्सिलने खूण करा आणि ती वहीत एका ओळीवर उतरवा: काय, कुठे, नॉमिनी कोण, अर्ज दिला ती तारीख, पोच मिळाली का.

विम्याचा हप्ता चुकला होता म्हणून पॉलिसी ‘गेली’ असं समजू नका. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. त्या मुदतीत मृत्यू झाला तर दावा मिळतो, राहिलेला हप्ता वजा होऊन. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर कंपनी चौकशी करते. म्हणून दवाखान्याचे सगळे कागद, जुन्या तपासण्यांसकट, एका पिशवीत ठेवा.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर कंपनीच्या एचआरकडे ‘पीएफ कधी मिळेल?’ एवढंच विचारू नका. तीन गोष्टी विचारा. पीएफची शिल्लक. ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबर आपोआप असलेला विमा, कमाल ७ लाखांपर्यंत. आणि निवृत्तिवेतन योजनेतून जोडीदाराचं पेन्शन. त्यासाठी दहा वर्षांची अट लागू नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत वेगळं पेन्शन असतं. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. ‘पाच वर्षं झाली नव्हती ना’ असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी मागा.

शेतकरी कुटुंब असेल आणि मृत्यू अपघाती असेल (सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का हेही त्यात येतं), तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये आहेत. वय १० ते ७५, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. साप चावून गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन घरचे नको म्हणतात. का, ते समजतं. पण त्या अहवालाशिवाय हा अर्ज लंगडा पडतो.

कर्जाकडे येऊ. गृहकर्ज वाटप झालं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढा. विम्याचा एकरकमी हप्ता तेव्हाच कापलेला असू शकतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर जबाबदारी तुमची. नसाल, तर वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची वसुली मयताच्या मालमत्तेतून होते, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. वसुलीवाला दारात येऊन ‘फक्त एक सही’ म्हणतो, तो कागद बहुतेकदा जबाबदारी अंगावर घेण्याचा असतो. सही करू नका. बँकेला दाखल्याची प्रत देऊन पोच घ्या.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात तो शब्द: नॉमिनी. बँक ठेव, शेअर, सोसायटीतला फ्लॅट, कुठेही नॉमिनी हा पैसे किंवा ताबा स्वीकारणारा माणूस, मालक वारसच. शेअरच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात अपवाद आहे: २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. आणि मृत्युपत्र नसलेल्या हिंदू पुरुषाची वारस फक्त बायको आणि मुलं नसतात. त्याची आईसुद्धा समान हिश्शाची वारस असते. मुलींचा हिस्सा मुलग्यांइतकाच.

सातबाऱ्यावर वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते; तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवरून. फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, धरला की हरकतीसाठी नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्जात सगळ्या वारसांची नावं आहेत ना, ते स्वतः वाचा. ‘नंतर वाढवू’ हे नाव कधी वाढत नाही.

[थोडं थांबून, दुसऱ्या ढिगावर हात ठेवून.]

इथून दुसरा ढीग सुरू होतो. वारस नोंद आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमचं नाव लावते, दुसरी काढते. ‘नोंदीसाठीच लागतं, सही कर’ असं सांगून दोन्ही कागद एकाच दिवशी पुढे येतात. दुय्यम निबंधकासमोर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. सहा महिने नाही म्हणा. नाती टिकवायची असतील तरीही नाही म्हणा.

विम्याची मोठी रक्कम खात्यात आली की तीच बँक फोन करते. बहुतेक वेळा हातात ठेवीच्या नावाखाली गुंतवणूक-विम्याची पॉलिसी पडते, पाच वर्षं पैसे अडकलेले. सही झालीच असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. समजा २० लाख आले आणि घरखर्च महिना ३२,००० आहे. वर्षाचे होतात ३,८४,०००. चार लाख असे ठेवा की कधीही हात घालता येईल: लाखभर बचत खात्यात, उरलेल्याच्या तीन, सहा, नऊ महिन्यांच्या तीन ठेवी. बाकी १६ लाख एक वर्षाच्या साध्या ठेवीत, पण एका बँकेत नाही. ठेवविमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेला तो मुळीच लागू नाही, चेअरमन आपल्या नात्यातला असला तरी.

नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा संपतो. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात बघा, कारण जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. तोवर रेशनकार्ड हाताशी ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत.

या काळात डोकं चालत नाही. एकच फॉर्म तीनदा वाचावा लागतो, किल्ली फ्रिजमध्ये सापडते. म्हणून दिवसाला एकच कार्यालय, सकाळचं, आणि बरोबर एक माणूस, ज्याचा पैशात वाटा नाही असा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क बोलता येतं.

आणि वहीचं शेवटचं पान तुमच्या स्वतःच्या खात्यांचं. उघडून बघा, नॉमिनी म्हणून अजून त्यांचंच नाव आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीसकट. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान माणसाचं नाव त्याच फॉर्मवर लिहावं लागतं. तो रकाना रिकामा सोडू नका.