मुखडा आणि सम

नमस्कार, श्रोतेहो.

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी एक काका राहायचे. त्यांच्या लेखी संगीत उस्ताद अमीर खाँसाहेबांपाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. एकदा मी त्यांना बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐकवली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद, कंडक्टर कार्लोस क्लायबर, ध्वनिमुद्रण १९७४ सालचं. खाँसाहेब गेले, तेच साल. ते प्रसिद्ध चार स्वर वाजले आणि काका म्हणाले, "अरे, हा तर मुखडा! तीन स्वरांत उचलून समेवर आला."

काका नेमकं बोलले. मुखडा म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, जो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकतो. त्या स्वरलिपीत पहिली खूण स्वराची नाहीच, विरामाची आहे. मग तीन झटपट स्वर, आणि चौथा थेट पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर. म्हणजे कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा शांतता असते आणि त्या शांततेतून साऱ्या वादकांनी एकदम उठायचं. काही कंडक्टर हा मुखडा इतका ठासून, सावकाश घेतात की पुढची लय दुसऱ्याच कुणाची वाटते. क्लायबर पहिल्या तीन स्वरांतच लय सांगून मोकळे होतात, आणि मग साडेसात मिनिटं ती सुटत नाही. दुसरा भाग मला आणखी निवांत आवडला असता. पण झुमरा तालातल्या अतिविलंबितावर, म्हणजे अगदी संथ लयीवर पोसलेल्या इंदूरकराचं हे मत, सोडून द्या.

सातवी सिंफनी क्लायबर यांनी १९७५-७६ मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर मुद्रित केली. पहिली व्हायोलिनं डावीकडे, दुसरी उजवीकडे. शेवटच्या भागात एका बाजूनं तान सुटते, दुसरी बाजू ती झेलते, सरळ जुगलबंदीच. मात्र रेडिओच्या एका स्पीकरवर ही मजा निम्मी होते. घरी हेडफोन लावून ऐका.

क्लायबर यांचे वडील एरिख हेही मोठे कंडक्टर. मुलानं या वाटेला येऊ नये म्हणून त्यांनी त्याला झुरिकला रसायनशास्त्र शिकायला धाडलं होतं. ते काही टिकलं नाही. पुढे मुलानं वाजवलं ते मोजकंच. बेथोव्हेनच्या नऊ सिंफन्यांपैकी त्यांची ध्वनिमुद्रणं मिळतात ती चौथी ते सातवी, एवढ्या चारांचीच. आपल्याकडे असा गवय्या असता तर 'फार मूडी बुवा' म्हणून त्याचं नाव झालं असतं. तिकडेही तेच झालं.

पण घराणं कुठं लपतं? सातवीच्या दुसऱ्या भागाच्या अगदी अखेरीस, छापील प्रतीप्रमाणे, व्हायोलिनांनी पुन्हा गज उचलायचा असतो. एरिख तिथं तारा बोटांनीच छेडायला लावत. मुलगाही तेच करतो. जाणकारांचा त्यावर वाद आहे, असू दे.

तोच भाग आता ऐकू या. साधारण आठ मिनिटांचा आहे. शेवटाकडे कान ठेवा, व्हायोलिनं फार हळू बोलतात.