ढब्बूचे कान

(दृश्य : खानापूरजवळचं भाताचं शिवार, सकाळ, रिमझिम)

बांधावरचं हे तपकिरी शेपूट बघा. कुत्रा मागाहून दिसेल. शेपटाची गती वाढली, की समजायचं, नाकाला काहीतरी लागलंय.

लावा पक्षी उडाला. आमचा कॅमेरा चुकला, ढब्बू नाही चुकला.

ढब्बू स्पॅनियल, आणि या कुत्र्यांचं मूळ काम हेच. झुडपात शिरायचं, दडलेला पक्षी उठवायचा, बंदूक वाजली की पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून धन्याकडं आणायचा. वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या शिकारीवरूनच यातल्या एका जातीला 'कॉकर' हे नाव पडलं. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, पण ते नाकाला कोण सांगणार?

(दृश्य : बेळगावातली टिळकवाडी, घराची पायरी)

ढब्बू कॉकर स्पॅनियल, वय पाच. नाव ढब्बू मिरचीवरून ठेवलं असं नातू सांगतो. गल्लीतल्यांचं मत वेगळं आहे. "ही जातच जाड असते हो," हेही गल्लीचंच.

(दृश्य : ढब्बूच्या डॉक्टरांच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या, हातातला मोबाइल)

जाड जात आहे, पण ती ही. क्लंबर स्पॅनियल. ठेंगणा, रुंद, पांढरा, अंगावर लिंबाच्या नाहीतर नारिंगी रंगाचे डाग. नर ३२ ते ३८ किलोचा. गाव इंग्लंडातलं नॉटिंगहॅमशायर, ड्यूक ऑफ न्यूकॅसलची क्लंबर पार्क ही जहागीर. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत एका फ्रेंच उमरावानं आपली कुत्री इकडं धाडली, अशी कथा सांगतात. कथा झकास, पण चित्रकार फ्रान्सिस व्हीटलीनं ड्यूकसोबत हे स्पॅनियल रंगवले ते १७८८ साली, आणि क्रांती झाली १७८९ ला! इंग्लंडचे राजे सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज, दोघांनीही सँड्रिंगहॅमच्या आपल्या जहागिरीत क्लंबर पाळले. धावाधाव नाही, भुंकणं नाही; दाट झाडीत हा संथपणे घुसणार आणि नाकानं काम उरकणार. घरी झोपाळू, खादाड, लाळ गाळणारा.

यातलं खादाडपण तेवढं ढब्बूकडं आलंय. कॉकर असावा तेरा ते साडेचौदा किलोचा. त्याच्या वरचं सगळं आजीनं घातलेलं.

(दृश्य : अंगण, पाटावर ढब्बू, आजीच्या मांडीवर त्याचं डोकं)

हे मात्र आजीकडूनच शिकावं. लोंबता कान म्हणजे झाकण लावलेला डबा. आत वारा नाही, आणि बेळगावचा पाऊस ठाऊक आहेच. कान उलटा करायचा. आधी वास घ्यायचा. आंबूस आला, की डॉक्टर. मग कान धुण्याचं औषध आत सोडायचं आणि कानाचं मूळ बाहेरून चोळायचं. ऐका, पचपच वाजतंय. आता सोडा त्याला. डोकं झाडू दे. आमच्या लेन्सवरही उडालं. वर आलेला मळ कापसानं टिपायचा. कानकाडी आत घालायची नाही. आतल्या बाजूचे केस कातरून ठेवायचे.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेतल्या गवतातून फिरून आलं, की आणखी एक काम. बोटांच्या बेचक्यात, कानामागं कुसळं आणि गोचीड. कुसळ दिसायला एवढंसं, पण कातडीत शिरलं की पुढं पुढंच जातं. म्हणून एकेक बोट फाकवून बघायचं. आजींना चष्मा लागतो, कुसळाला लागत नाही.

आणि हा मोजा. जेवताना कान ताटलीत पडतात, म्हणून नातवाच्या जुन्या मोज्याचा पंजा कापून ती नळी डोक्यावरून चढवली. आता ढब्बू लग्नातल्या करवलीसारखा दिसतो. त्याला फिकीर नाही, पुढ्यात भाकरी आहे.

भाकरीनंतर कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई.

"एवढंसं तर देतेय. खाऊ दे की रे."

डॉक्टर ढब्बूच्या बरगड्या चाचपतात. हाताला लागायला हव्यात, लागत नाहीत. सांधे, कंबर, दम, सगळं यातूनच सुरू होतं. ताटलीतला घास निम्मा, कुंदा बंद, फिरणं दोन्ही वेळ.

(दृश्य : रविवार पेठ, धान्याचं दुकान)

दर महिन्याला ढब्बूचं वजन इथंच होतं. तांदळाचं पोतं उतरलं, ढब्बू चढला. काटा हलतो, कारण शेपूट हलतंय. नातू शेपूट धरतो.

सतरा किलो चारशे.

"गेल्या वेळेला अठरा होतं," आजी म्हणतात.

दुकानदार वही उघडतो. "खात्यावर लिहू काय आजी?"