दूरसंचार की माहिती?

(पडद्यावर दोन संगणक, मधे केबल)

सन २००७, अमेरिका. कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या केबलवरून, बिटटोरंट या फाइल वाटण्याच्या पद्धतीने, फाइल अपलोड करणाऱ्यांचं कनेक्शन मधेच तुटायचं. मोडेम ठीक, वायर ठीक. कंपनीचीच यंत्रणा दोन्ही टोकांना टीसीपी रीसेट पॅकेट सोडत होती. हे पॅकेट म्हणजे 'संपर्क संपला' असा निरोप. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र समोरच्या संगणकाचा घातलेला. दोघांनाही वाटायचं, पलीकडच्यानेच फोन ठेवला. ही सरळ फसवणूक होती. ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेसने स्वतः फाइल पाठवून ती पडताळली.

कंपनी म्हणाली, केबलवर अपलोडची जागा तुटपुंजी आणि ती सगळ्या वस्तीत वाटलेली. अडचण खरी आहे. पण तिथली दूरसंचार नियामक संस्था एफसीसीला आढळलं, की गर्दी नसतानाही रीसेट सुटत होते, आणि कोणी किती डेटा वापरला हे न बघता. ऑगस्ट २००८मध्ये एफसीसीने हे थांबवायला सांगितलं. एप्रिल २०१०मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. रीसेट योग्य होते असं न्यायालय म्हणालं नाही; असा आदेश देण्याचा अधिकार एफसीसीने दाखवलेला नाही, एवढंच म्हणालं.

(पडद्यावर १९९६च्या कायद्याचं पान)

खरी गाठ इथे आहे. या कायद्यात दोन खाने आहेत. 'दूरसंचार सेवा' म्हणजे ग्राहकाने दिलेलं जसंच्या तसं पोचवणं. तिच्यावर टेलिफोनसारखं, भेदभाव न करण्याचं बंधन. 'माहिती सेवा' म्हणजे माहिती साठवणं, शोधणं, बदलणं. तिला ते बंधन नाही. केबल इंटरनेट २००२मध्ये एफसीसीने दुसऱ्या खान्यात टाकलं. २०१५मध्ये ब्रॉडबँड पहिल्यात आलं, २०१७मध्ये दुसऱ्यात गेलं, २०२४मध्ये परत पहिल्यात. या तिन्ही वेळा एफसीसीच्या सदस्यांची मतं ३ विरुद्ध २, पक्षानुसार. कायदा धूसर असेल तर एफसीसीसारख्या सरकारी संस्थेने लावलेला रास्त अर्थ न्यायालयं मान्य करायची. जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पायंडा मोडला आणि २ जानेवारी २०२५ला सहाव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) अपील न्यायालयाने ब्रॉडबँड 'माहिती सेवा' ठरवलं.

आमच्या मते दोष तिथल्या संसदेचा. डायल-अपच्या काळातली व्याख्या तिने बदललीच नाही. भारतात दर ठरवण्याचा अधिकार दूरसंचार नियामक ट्रायला कायद्यानेच दिलाय; म्हणून ८ फेब्रुवारी २०१६ला वेबसाइटनुसार वेगळे डेटा दर लावायला बंदी घालता आली, मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख.

अमेरिकेत आता राज्यं उरली. कॅलिफोर्नियाने २०१८मध्ये केलेला कायदा न्यायालयात टिकला आहे. तिथे वैध वाहतूक अडवणं किंवा मुद्दाम मंदावणं आजही बेकायदा आहे.