शीव कुठे पडते : सबनेट मास्कची उकल

[दृश्य : पांझरा नदी, दगडी बंधारा, पाटाचे वाहते पाणी]

पांझरेच्या पात्रात आडवा घातलेला हा दगडी बंधारा आणि त्याच्या कडेने निघालेला हा पाट धुळे जिल्ह्यातील माणसाला नवा नाही. फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे बागायती क्षेत्र बहुधा तीन-चार फडांत वाटलेले असते, एका फडात एका वेळी एकच पीक घेतले जाते आणि कोणत्या फडाला पाणी कधी द्यायचे हे पाटकरी ठरलेल्या पाळीने पाहतो. फडाची शीव माहीत असली की कोणते शेत कोणत्या फडातले, हे त्याला दर वेळी मालकाला विचारावे लागत नाही. संगणकांच्या जाळ्यातही प्रत्येक यंत्रापुढे हाच प्रश्न सतत उभा असतो, की समोरचा पत्ता आपल्या शिवेतला आहे की शिवेबाहेरचा. त्याचे उत्तर सबनेट मास्क देतो.

[दृश्य : महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, भिंतीवरचा रॅक, निळ्या केबल]

येथून काही अंतरावरच्या एका महाविद्यालयाची ही प्रयोगशाळा आहे. भिंतीवरच्या रॅकमध्ये यंत्रे जोडणारे दोन स्विच आणि जाळी एकमेकांना जोडणारा एक राउटर बसवलेला आहे, आणि प्रत्येक केबलच्या टोकाला विद्यार्थ्यांनीच चिकटपट्टीवर क्रमांक लिहिले आहेत. या वर्गात सर बोलतात ते मराठीत, मुले आपापसात बोलतात ती बहुतेक अहिराणीत, आणि या विषयाची पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजीत आहेत. म्हणूनच सरांनी पहिला तास संगणक बंद ठेवून फळ्यावर घेतला, आणि आम्हीही कॅमेरा बराच वेळ त्या फळ्यावरच ठेवला.

[दृश्य : फळ्यावर खडूने लिहिलेला १९२.१६८.१०.७०]

हा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातल्या यंत्राचा ओळख क्रमांक, आपल्याला चार आकड्यांचा दिसतो, कारण माणसाला वाचायला तो तसा सोपा जातो. यंत्राच्या लेखी मात्र तो बत्तीस बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा बत्तीस अंकांचा, एकच सलग आकडा असतो. आठ-आठ बिटांचे चार गट पाडून प्रत्येक गट आपल्या दशमान पद्धतीत लिहिला जातो, आणि आठ बिटांत ० पासून २५५ पर्यंतचेच आकडे मावतात, म्हणून पत्त्यात २५६ कधीही येत नाही. या बत्तीस बिटांचा डावीकडचा काही भाग जाळे कोणते ते सांगतो आणि उरलेला उजवीकडचा भाग त्या जाळ्यातले यंत्र कोणते ते सांगतो. पण ही विभागणी कोठे होते, हे पत्त्यावरून कळत नाही, आणि तेवढ्याचसाठी पत्त्यासोबत मास्क द्यावा लागतो.

मास्कही बत्तीस बिटांचाच असतो. जाळ्याच्या भागावर त्यात सलग १ असतात, यंत्राच्या भागावर सलग ०, आणि एकापाठोपाठ शून्ये सुरू झाली की पुन्हा एक येत नाही. या एका अटीमुळे मास्कच्या कोणत्याही गटात ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ हे नऊच आकडे येऊ शकतात. सरांनी एका मुलाला २५५.२५५.२५५.२०० हा मास्क चालेल का असे विचारले, तेव्हा त्याने २०० चे बिट ११००१००० असे लिहिले आणि शून्यांच्या मध्ये आलेल्या त्या एकावर स्वतःच फुली मारली. या आकड्यांचा तक्ता पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, हे खरे आहे. परंतु त्या मुलाने मारलेली फुली तक्ता पाठ करून येत नाही.

[दृश्य : जुन्या पद्धतीची आकृती, फळ्यावर तीन चौकोन]

ही सोय पहिल्यापासून नव्हती. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे मानक प्रसिद्ध झाले, तेव्हा शीव पत्त्याच्या पहिल्या काही बिटांवरूनच ठरत असे. अ वर्गाच्या एका जाळ्यात १,६७,७७,२१६ पत्ते, ब वर्गाच्या जाळ्यात ६५,५३६ आणि क वर्गाच्या जाळ्यात २५६ अशी तीन मापे होती. ज्या संस्थेला तीनशे यंत्रे जोडायची असत, तिला क वर्ग अपुरा पडे आणि ब वर्ग घेतला तर पासष्ट हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. ऑगस्ट १९८५ मध्ये सबनेटची पद्धत मानक म्हणून आली आणि संस्थेला मिळालेल्या जाळ्याचे आतल्या आत तुकडे पाडता येऊ लागले. पुढे १९९३ मध्ये वर्गांची चौकटच काढून टाकण्यात आली, शीव कोणत्याही बिटावर पाडण्याची मुभा मिळाली, आणि पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून जाळ्याच्या बिटांची संख्या लिहिण्याची रीत रुजली. आजही अनेक ठिकाणी २५५.२५५.२५५.० या मास्कला ‘क्लास सी’ म्हटले जाते. ते नाव जुन्या सवयीचे आहे, त्याला आता तांत्रिक आधार उरलेला नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठीचे पत्ते सध्याच्या स्वरूपात निश्चित झाले : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. यांतला मधला मुलांना नेहमी अडवतो, कारण तो १७२.१६ ला सुरू होऊन १७२.३१ ला का संपतो हे वरवर पाहता समजत नाही. बारा बिटांची शीव दुसऱ्या गटाच्या अगदी मधोमध पडते. १६ म्हणजे ०००१००००, त्यातले पहिले चार बिट पक्के आणि उरलेले चार मोकळे. ते चारही शून्य असताना १६ आणि चारही एक असताना ३१, एवढेच त्याचे कारण आहे.

[दृश्य : वहीचे पान, पेन्सिलने लिहिलेले बिट, अगदी जवळून]

आता या वहीकडे पाहावे. पत्ता १९२.१६८.१०.७० आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२ आहे, म्हणजे सव्वीस बिट. पहिले तीन गट पूर्ण जाळ्याचे असल्यामुळे काम शेवटच्या गटापुरतेच आहे. या विद्यार्थिनीने ७० चे बिट ०१०००११० असे लिहिले, त्यांच्याखाली १९२ चे ११०००००० लिहिले, आणि जेथे वर-खाली दोन्हीकडे एक आहे तेथेच उत्तरात एक मांडला. उत्तर ०१०००००० म्हणजे ६४ आले. हा या जाळ्याचा स्वतःचा पत्ता झाला. यंत्राचे सहाही बिट एक केले की १२७ येतात, आणि तो ब्रॉडकास्टचा पत्ता, म्हणजे जाळ्यातल्या सर्वांना एकदम हाक मारण्याचा. हे दोन्ही कोणत्या यंत्राला देता येत नाहीत, म्हणून चौसष्ट पत्त्यांपैकी ६५ ते १२६ हे बासष्टच वापरात येतात. शीव एक बिट उजवीकडे सरकवली तर जाळी दुप्पट होतात आणि प्रत्येकातले पत्ते निम्मे होतात. शेताच्या मधोमध नवा बांध घातल्यावर जे होते तेच येथे होते.

फडाची उपमा येथपर्यंत पुरते. पाटावर पाणी वळवणारा पाटकरी एकच असतो, जाळ्यात मात्र प्रत्येक यंत्र स्वतःच स्वतःचा पाटकरी असते आणि समोरचा पत्ता कोठला आहे याचा निवाडा आपल्याजवळच्या मास्कने आपणच करते. पत्ता शिवेतला ठरला तर ते थेट हाक मारते, बाहेरचा ठरला तर निरोप गेटवेकडे, म्हणजे जाळ्याबाहेर वाट काढून देणाऱ्या राउटरकडे, सोपवते.

[दृश्य : संगणकाचा पडदा, मास्क बदलणारा हात, कोपऱ्यातला प्रिंटर]

सरांनी मुद्दाम ७० क्रमांकाच्या यंत्राचा मास्क बदलून २५५.२५५.२५५.० केला आहे. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१०.१३० आहे आणि तो राउटरपलीकडच्या दुसऱ्या सबनेटमध्ये बसवलेला आहे. मुलांनी पाहिले तर इंटरनेट व्यवस्थित चालते आहे, संकेतस्थळे उघडत आहेत, केबलही ठीक आहे, आणि तरी प्रिंटर काही उत्तर देत नाही. चुकीच्या मास्कमुळे यंत्राला वाटते की १३० आपल्याच शिवेत आहे, म्हणून ते गेटवेकडे न जाता थेट आपल्या भागात हाक मारत राहते. तेथे तो प्रिंटर नसल्यामुळे ओ देणारे कोणी नसते. बाहेरचे पत्ते मात्र चुकीच्या शिवेच्याही बाहेरच पडतात, म्हणून ते गेटवेमार्गे नीट पोहोचतात. पहिली दहा मिनिटे मुलांनी प्रिंटर बंद-चालू करण्यात घालवली. मग मागच्या बाकावरून एकाने मास्क वाचला, आणि त्यानंतरचे चेहरे पडद्यावर दिसतच आहेत.

३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट जगातल्या पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले, आणि १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीतही शीव बिट मोजूनच सांगितली जाते.

[दृश्य : संध्याकाळ, रिकामी होत आलेली प्रयोगशाळा, एक विद्यार्थिनी अजून बसलेली]

तास संपताना सरांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली. या चिठ्ठीवर १०.०.३७.२००/२० असे आहे. वीस बिटांची शीव तिसऱ्या गटात पडते, म्हणून तिने ३७ चे बिट ००१००१०१ असे मांडले, चौथ्या आणि पाचव्या बिटाच्या मध्ये पेन्सिलने उभी रेघ ओढली, रेघेपलीकडचे चारही आधी शून्य केले आणि मग एक केले. वहीत तिने १०.०.३२.० ते १०.०.४७.२५५ एवढे लिहिले, ३२ चे बिट पुन्हा एकदा बोटाने मोजून पाहिले आणि वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.