बारा व्होल्टचं घर

[वागळे इस्टेट, सकाळची वेळ. गाळ्याचं शटर वर जातं. आतून रेडिओ.]

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वायरमनच्या या गाळ्यासमोर एक सेकंडहँड कारवान उभी आहे. ट्रॅव्हलर व्हॅनच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, बांधलेली. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, छतावर सोलर पॅनल. मालक मानपाड्याचे, नुकतेच निवृत्त झालेले. आरसीवर नाव चढलं, इन्शुरन्स झाला, सोसायटीत जागाही मिळाली. आता एवढंच राहिलंय, की भिंतीवरचे डझनभर स्विच नेमके कशाचे, हे कुणीतरी सांगायचं.

वायरमन पलंगाची फळी उचलतो. खाली बॅटरी.

"काका, ही घराची. गाडीची वेगळी, ती पुढे बॉनेटमध्ये. रात्रभर पंखे चालवायचे ते हिच्यावर. नाहीतर सकाळी सेल्फ मारला की नुसती टिकटिक."

लोडशेडिंगच्या काळात ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता, त्यांना यातलं निम्मं आधीच माहीत आहे. तीच बॅटरी, तेच 12 व्होल्ट, तोच 230 व्होल्ट करून देणारा डबा. फरक इतकाच, की घरी बॅटरी अडीअडचणीला असते. इथे सगळा संसार तिच्यावर, आणि महावितरण पाहुणं.

दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फ्रिज, मोबाइलचे पॉइंट हे सगळं थेट 12 व्होल्टवर चालतं. मिक्सर, केटल, लॅपटॉपचा चार्जर यांना 230 लागतात. ते एकतर इन्व्हर्टर देतो, नाहीतर बाहेरच्या सॉकेटमधून येतात. दोन्हींच्या वायरी वेगळ्या आणि फ्यूज-एमसीबीही वेगळे. ही विभागणी एकदा कागदावर काढली की पुढचं सोपं जातं. वायरमननं काकांना सगळ्यात आधी तोच नकाशा काढायला बसवलंय.

आता हिशेब. ही बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 100 अँपिअर-अवर. 12.8 व्होल्टनं गुणलं की 1280 वॅट-अवर, म्हणजे विजेच्या बिलावरचं सव्वा युनिट. त्यातले हजारच आपले समजायचे. फ्रिजचा कॉम्प्रेसर 45 वॅटचा. निम्मा वेळ चालला तरी दिवसरात्रीचे पाचशेच्या वर गेले. 20 वॅटचे दोन पंखे, आठ तास: 320. चार दिवे, संध्याकाळपासून झोपेपर्यंत: शंभर. दोन मोबाइल आणि पंप मिळून पन्नासेक. झाले हजार. म्हणजे एक दिवस, एक रात्र. मे महिन्यातल्या ठाण्यात फ्रिज निम्मा वेळ चालून थांबेल, हेही जरा आशावादीच.

"आणि एसी?" काका विचारतातच. सगळे विचारतात.

एक टनाचा एसी साधारण हजार वॅट खेचतो. तासाभरात बॅटरी साफ. बॅटरीवर रात्रभर एसी हवा, तर बॅटरीचा खर्च कितीतरी पटीनं वाढतो आणि वजनही. पहिल्या वर्षी त्या नादाला लागू नये. छतातला चांगला एक्झॉस्ट पंखा आणि खिडक्यांना जाळी, यावर बरंच भागतं. एसी लावायचा तो बाहेरचं कनेक्शन असेल तिथे.

केटलची गंमत वेगळी. एक लिटर पाणी उकळायला जेमतेम शंभर वॅट-अवर लागतात, ते परवडतात. पण 1500 वॅटची केटल ते चार मिनिटांत मागते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तर बॅटरीतून 130 अँपिअरच्या आसपास धावतात. घरच्या सॉकेटमध्ये हीच केटल साडेसहा अँपिअरवर चालते. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर ही केबल अंगठ्याएवढी जाड आणि शक्य तितकी आखूड. बॅटरीचा बीएमएस, म्हणजे आतलं राखण करणारं सर्किट, तेवढा भार सोसणारा हवा, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

[क्लोजअप: मल्टिमीटर. फ्रिजच्या मागे टोचलेल्या दोन पिना.]

या गाडीचा फ्रिज मधूनच बंद पडतो. आधीच्या मालकानं बॅटरीला दोष दिला होता. वायरमन बॅटरीवर मीटर लावतो: 13.1. फ्रिजपाशी लावतो, कॉम्प्रेसर चालू असताना: 12. कॉम्प्रेसर थांबून पुन्हा सुरू व्हायला जातो, आकडा आणखी खाली झुकतो, फ्रिज कट.

मधली वायर 1 स्क्वेअर एमएमची निघाली. लांबी सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. पाच अँपिअर गेले की एक व्होल्ट वाटेतच उडतो. 230 मधून एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. 12 मधून गेला की फ्रिज बसतो. वायर 4 स्क्वेअर एमएमची टाकली की तूट पाव व्होल्टवर येते. वायरमन वायरच्या टोकाचं थिंबल पक्कडीनं दाबत नाही, क्रिंपिंग टूलनंच दाबतो, मग वायर ओढून बघतो. चालत्या गाडीत सगळं हलतं. सैल जोड आधी गरम होतो, मग काळा पडतो.

बॅटरी भरते तीन वाटांनी. छतावरचं 200 वॅटचं पॅनल एप्रिलच्या उन्हात दिवसाला आठशे वॅट-अवरपर्यंत देतं. जुलैत त्यातलं पाव मिळालं तरी नशीब. दुसरी वाट इंजिनाची: इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर वीज करतो, डीसी-टू-डीसी चार्जर ती घराच्या बॅटरीत भरतो. तो 30 अँपिअरचा असेल, तर कसारा घाट चढून नाशिकला पोहोचेपर्यंत रिकामी बॅटरी जवळजवळ भरते. घोडबंदर रोडवर अडकलात तरीही थोडीफार भरते. त्या ट्रॅफिकचा हा एवढाच काय तो फायदा.

तिसरी वाट बाहेरच्या सॉकेटची. इथे जरा थांबायला हवं, कारण 12 व्होल्टचा झटका बसत नाही, यातला 230 चा जीव घेऊ शकतो.

गाडी रबरी टायरवर उभी असते. आत कुठे फेज बॉडीला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर अख्खा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला काही कळत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला कळतं. फार्महाउसच्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. म्हणून प्लग घालण्याआधी सॉकेट टेस्टर लावायचा. अर्थिंग नाही म्हणाला, तर मालकाचा आग्रह कितीही असो, त्या रात्री बॅटरीवर राहायचं. फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर सिंगल पोल एमसीबी पाडूनही आत फेज जिवंतच राहते. म्हणून डबल पोल, दोन्ही वायरी तोडणारा. गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली केबल एसीच्या भारानं आतल्या आत वितळते.

[काकू ओट्यापाशी.]

काकूंचा प्रश्न व्यवहारी आहे. "अरे, घरातली ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे. ती जोडलीस तर?"

"काकू, पन्नास-साठ किलोची आहे ती. अर्धीच वापरता येते. आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तोही तुमच्या पलंगाखाली. राहू द्या."

पाण्याचं फारसं काही नाही. नळ बंद असताना पंप मधूनच घुरघुरला, तर कुठेतरी गळती आहे. गॅस ठेवणार असाल, तर एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. जाळीची खिडकी आणि डिटेक्टर दोन्ही जमिनीलगत. काकूंनी इंडक्शन घ्यायचं ठरवलंय, म्हणजे पुन्हा तो 130 अँपिअरचाच विषय.

[रात्र. मानपाडा, सोसायटीचं पार्किंग.]

पहिला मुक्काम घरच्याच पार्किंगमध्ये, बाहेरचा प्लग न लावता. वायरमनची अटच होती तशी. काही बिघडलं तर लिफ्टनं वर जाता येतं. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला.

झोपताना बॅटरी मॉनिटरवर 96 टक्के. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलत नाही, म्हणून नुसता व्होल्टमीटर फसवतो. शंटवर, म्हणजे बॅटरीच्या वायरीत बसवलेल्या पट्टीवर, आलेगेले अँपिअर मोजणारा मॉनिटरच खरं सांगतो. सकाळी 49. काकांनी कागद काढला. फ्रिजचे वीस, पंख्यांचे रात्रभराचे सव्वीस धरले तरी सेहेचाळीसच होत होते. एक टक्का इकडेतिकडे ठीक. पण पंखे तर काकूंनी पहाटे चारलाच बंद केले होते. मग आठ-दहा टक्के गेले कुठे?

इन्व्हर्टर रात्रभर चालू होता. त्याला काहीही जोडलेलं नसताना तो स्वतःच तासाला एक-सव्वा अँपिअर-अवर खात बसला होता. वायरमनला फोन गेला. त्यानं इन्व्हर्टरचा रिमोट स्विच आणायला सांगितलाय, पलंगाच्या उशाशी लावायला.